किती झालं?

परवा रात्री ताईचा नाशिकहून तिसऱ्यांदा फोन आला. "किती झालं रे?"

मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "एक लाख बारा हजार फ्रेम्स."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "ते टक्क्यांत सांग की मेल्या!"

झालं होतं असं, की ताईच्या १९९१ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट माळ्यावर सापडली. फितीच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके. आमच्या आजीचं चालतं-बोलतं चित्रण जगात एवढंच आहे, रुखवताच्या टेबलाशी उभी राहून कुणाला तरी दटावतानाचं. व्हीसीआर बनवणारी शेवटची मानली गेलेली जपानी कंपनी, फुनाई, तिनंही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणून एका मित्राचा जुना व्हीसीआर आणला, फीत जमेल तशी साफ केली आणि 'ही एकदाच चालणार' असं समजून लावली. तीन तासांची कॅसेट संगणकात उतरायला तीनच तास घेते, तिथे घाई चालत नाही. ती उतरली. मग ती भलीमोठी फाइल लहान करायला टर्मिनलवर एफएफएमपेग लावलं.

ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या पडद्यावर एकच ओळ असते. किती फ्रेम झाल्या, कुठल्या मिनिटाला पोचलो, वेग किती. आकडे जागच्या जागी बदलत राहतात. टक्के मात्र नाहीत! ताईला उत्तर द्यायचं तर गणित करावं लागलं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम्स, तीन तासांच्या २,७०,०००. म्हणजे साधारण ४१ टक्के.

त्या रात्री जागत बसलो होतो, तेव्हा या एका ओळीचाच विचार करत राहिलो.

ओळ जागच्या जागी बदलते ती टाइपरायटरच्या कृपेनं. ओळ संपली की आपण दांडी ढकलायचो, तेव्हा दोन गोष्टी व्हायच्या. कॅरेज सुरुवातीला यायची आणि कागद एक ओळ वर सरकायचा. टेलिप्रिंटरसाठी या दोन क्रियांच्या दोन वेगळ्या खुणा होत्या. १९६३ च्या आस्की संकेतातही त्या वेगळ्याच राहिल्या, कॅरेज रिटर्न १३ क्रमांकाची आणि लाइन फीड १० क्रमांकाची. आता नुसती १३ क्रमांकाची खूण पाठवली आणि १० ची पाठवलीच नाही, तर? कागदावर अक्षरावर अक्षर बसून नुसता काळा डाग. पडद्यावर मात्र नवं अक्षर जुन्याची जागा घेतं, आणि ओळ जिवंत असल्यासारखी दिसते. टर्मिनलवरच्या बहुतेक साऱ्या प्रोग्रेस बारचं गुपित एवढंच!

पण युनिक्सच्या जुन्या आज्ञावली मुळात घुम्या. त्याला कारण आहे. १९७३ मध्ये बेल लॅब्जमध्ये 'पाइप' आला, म्हणजे एका प्रोग्रॅमचं बोलणं थेट दुसऱ्याच्या कानात. अशा वेळी मधल्यानं "झालं हं अर्धं" म्हटलं तर ते शब्दही पुढच्याच्या कामात मिसळणार. तेव्हा गप्प राहणं हीच रीत. डिस्कच्या नकला करणारं 'डीडी' तासन्‌तास चकार शब्द काढत नसे. विचारायचंच असेल तर दुसऱ्या खिडकीतून त्याला सिग्नल पाठवावा लागे. लिनक्सवरच्या ग्नू डीडीला आपणहून प्रगती सांगण्याचा पर्याय मिळाला तो थेट २०१५ मध्ये.

अँड्र्यू वुड यांचं 'पीव्ही' त्याच्या कितीतरी आधी, २००२ पासूनचं. ते पाइपच्या मध्ये बसतं, जाणारा माल मोजतं, आणि आपलं बोलणं एरर संदेशांच्या वेगळ्या वाटेनं पडद्यावर पाठवतं, म्हणजे मालात भेसळ नाही. त्याचा एक गुण मला फार आवडतो. फाइल हातात दिली तर ते टक्के सांगतं, कारण एकूण आकार त्याला कळतो. पाइपमधून नुसतंच काही येत असेल, तर किती गेलं आणि कुठल्या वेगानं एवढंच सांगतं. एकूण आकडा आपण पुरवला नाही तर ते टक्क्यांची थाप मारत नाही.

माणसांना मात्र थापही चालते, असं दिसतं. १९८५ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या ब्रॅड मायर्स या विद्यार्थ्यानं ४८ जणांवर प्रयोग करून दाखवलं, की प्रगतीची पट्टी दिसली तर लोकांना वाट बघणं सुसह्य होतं. ८६ टक्के लोकांना पट्टी आवडली. ताईचंही तेच. तिला आकडा नको होता, 'काम चालू आहे' हा धीर हवा होता.

पहाटे काम संपलं. फाइल पाठवली. दहा मिनिटांत फोन, "अरे, आजी एवढी बारीक कधी होती?"

बघतो तर खरंच! सगळं वऱ्हाडच उंच आणि शेलाटं. चूक माझीच. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय मानकात अमेरिका-जपानच्या ५२५ ओळींच्या आणि युरोपच्या नि आपल्या ६२५ ओळींच्या पद्धतींना सामाईक म्हणून एका ओळीत ७२० बिंदू ठरवले गेले. त्या तडजोडीत पालचे बिंदू चौरस न राहता किंचित रुंद झाले. मी ७२० बाय ५७६ चे बिंदू चौरस धरले, आणि आजी दोन्ही बाजूंनी दाबली गेली. गंमत बघा, त्याच १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं, आणि आम्ही शेजाऱ्यांकडे दाटीवाटीनं बसून एशियाड पाहिलं. त्या वर्षीची तडजोड आजीला इतक्या वर्षांनी गाठेल असं कुणाला वाटलं असतं?

दुरुस्ती सोपी होती. चित्राला हात न लावता फक्त '४:३ प्रमाणात दाखव' अशी खूण फाइलवर लिहायची. काही सेकंदांचं काम, बार दिसण्याआधीच संपलं.

आता आजी पुन्हा आजीसारखी दिसते, ऐसपैस. मूळ मोठी फाइल मी पुसलेली नाही, दोन डिस्कांवर ठेवली आहे. कॅसेट पुन्हा लावून पाहिली नाही. धीर होत नाही.

असो. मंडळी, माळ्यावर कॅसेट असेल तर या सुट्टीत काढा. बुरशी किती पुढे सरकली आहे ते सांगणारी पट्टी अजून कुणी बनवलेली नाही.