मधले नाव

बारशाच्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या शिजतात, आणि ओसरीवर बसलेल्या वडीलधाऱ्यांत एक जुनाच वाद नव्याने रंगतो: ठेवायचे नाव बापाच्या नावापुढे शोभेल की नाही? 'दिनकर दामोदर' सरळ उच्चारता येते. 'मुकुंद गोविंद' म्हटले की एकच घंटा दोनदा वाजल्यासारखे वाटते. इंग्रजी समाजात आईबाप पहिल्या नावाला साजेसे दुसरे नाव हौसेने निवडतात. आपल्याकडे ती निवड नाही. मधले नाव मुलाच्या जन्मापूर्वीच ठरलेले असते, आणि म्हणून आपण उलट्या बाजूने चालतो. मधल्याला शोभेल असे पहिले शोधतो.

ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती शास्त्रातूनच आली असावी असे पुष्कळांस वाटते. शास्त्र काय म्हणते ते पाहू. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोषवर्ण व मध्ये अंतःस्थ वर्ण असावा, ते कृदन्त असावे, तद्धित नसावे. मुलीचे विषमाक्षरी, आकारान्त असावे. तद्धित म्हणजे दुसऱ्या नावापासून साधलेले, जसे दशरथापासून दाशरथी. म्हणजे मुलाच्या नावात बापाचे नाव गुंफू नये, असाच या नियमाचा परिणाम होतो. पुढे काशीनाथ उपाध्यायांच्या धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम व व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत. या चारांतही बापाच्या नावाला जागा नाही.

आईचे नाव मात्र आपल्या प्राचीन वाङ्मयात ठळकपणे भेटते. बृहदारण्यक उपनिषदाच्या अखेरीस जी गुरुपरंपरा दिली आहे ती काढून वाचावी. पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र, भारद्वाजीपुत्र अशी नावांची रांगच्या रांग लागते. ऋषींची ओळख त्यांच्या मातांवरून दिलेली आहे. पाणिनीला महाभाष्यकार दाक्षीपुत्र म्हणतात. छांदोग्यातील सत्यकामाची कथा तर आपल्या कीर्तनांतून सर्वपरिचित आहे: गोत्र विचारले असता त्याने आईचे नाव सांगितले, आणि गुरूने त्याला शिष्य म्हणून स्वीकारले.

हे केवळ आश्रमांतच होते असे नव्हे. प्रतिष्ठानचे सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी अशी नावे धारण करीत व नाण्यांवरही ती उमटवीत. नाशिकच्या लेण्यांत पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी कोरलेला लेख आहे. त्यात गौतमी बलश्री आपल्या दिवंगत पुत्राची कीर्ती गाते. त्याच लेण्यांत माठरीपुत्र ईश्वरसेन या आभीर राजाचाही लेख आहे. बनवासीचे कदंब व बदामीचे चालुक्य स्वतःस मानव्यसगोत्र हारितीपुत्र म्हणवीत, आणि ह्या चालुक्यांची सत्ता कोकणपट्टीवरही होती. चालुक्यांच्या काळी ते एक वांशिक बिरुद झाले होते हे खरे. पण बिरुद म्हणून मिरवण्याइतके ते मानाचे होते.

येथे घाईने मातृसत्तेचा निष्कर्ष काढणे बरे नव्हे. राज्य बापाकडून मुलाकडेच जात होते. अनेक राण्यांच्या घरात हा कोणत्या राणीचा पुत्र हे सांगण्याची गरज असे, आणि गौतमी, वासिष्ठी ही नावेही त्या स्त्रियांच्या माहेरच्या गोत्रांची होत. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की नावातील ही जागा पूर्वी आईला वर्ज्य नव्हती.

मग बापाचे नाव तेथे पक्के कशाने झाले? पेशवाईत ते दृढ झालेले दिसते. बाळाजी विश्वनाथ, त्याचा पुत्र बाजीराव बल्लाळ, त्याचा बाळाजी बाजीराव: ही साखळीच आहे, आणि बल्लाळ म्हणजे बाळाजीच.

गोव्यात ह्याचे कारण आणखी स्पष्ट दिसते. गांवकरीतील जोण पुरुषवंशाने चालत आली. देवस्थानांच्या महाजनकीचेही तसेच. १९३३ च्या माझानी नियमांनी महाजनांची नोंद बांधून दिली, आणि तीत नाव येण्यासाठी अमका तमक्याचा मुलगा हे सिद्ध करावे लागले. अशा ठिकाणी मधले नाव अलंकार नसते, हक्काचा दाखला असते. मंगेशीची, म्हार्दोळची, कवळ्याची देवळे सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीतील मूळ जागा सोडून अंत्रुजात आली; गाव मागे राहिले, जमिनी गेल्या, पण कोणाचा कोण हे नावातून टिकले. बापाच्या नावाला दोष देण्यापूर्वी हे ऋण मान्य केले पाहिजे.

एक गंमत अशी की पोर्तुगीज रूढीत मुलाच्या नावानंतर बहुधा आधी आईचे कुलनाम येते व शेवटी बापाचे. १८७० पासून त्यांची नागरी संहिता येथे लागू झाली, नोंदणीच्या वह्यांत प्रभूचे 'पोरोबो' व कामतांचे 'कामोतीं' झाले, पण ही एक रीत हिंदूंनी घेतली नाही.

आता वारा फिरला आहे. १९५६ च्या हिंदू पालकत्वविषयक कायद्यात बापानंतर आई पालक असे म्हटले होते. त्या 'नंतर'चा अर्थ केवळ 'मृत्यूनंतर' असा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले. २०१५ साली अविवाहित मातेला बापाचे नाव उघड न करताही पालकत्व मागता येईल असा निर्णय झाला. २०२२ साली, पुनर्विवाहित मातेला मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार मान्य झाला. महाराष्ट्र शासनाने तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव असा क्रम ठरविला. गोव्यास तो आदेश लागू नाही. परंतु कोल्हापूर-पुण्याकडच्या सोयऱ्यांमुळे आमच्याकडेही ह्याची विचारणा होते. ओसरीवरच्या मंडळींना मात्र आता दोन नावांशी जुळणारे तिसरे शोधावे लागेल.

काही वर्षांपूर्वी एक बाई आमच्या कचेरीत आल्या. मूल चार महिन्यांचे असता नवरा घर सोडून गेला होता. मुलगा आता शाळेत जाण्याच्या वयाचा झाला होता. अर्जात मधल्या नावाची चौकट होती. आम्ही त्यांना कायदा समजावून सांगितला. बापाचे नाव ठेवल्यास वारसाहक्काच्या दृष्टीने काय सोयीचे, तेही सांगितले, कारण ते सांगणे आमचे कर्तव्य होते. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. बापाचे नाव जन्मदाखल्यावर आहेच, ते तेथून काढावयाचे नाही, असे त्या म्हणाल्या. मग मुलाचे नाव, त्यापुढे स्वतःचे, त्यापुढे आडनाव असे त्यांनी आमच्यासमोर दोनदा म्हणून पाहिले आणि विचारले, "वकीलसाहेब, जुळते ना हो?"

जुळत होते. आम्ही तसे सांगितले, आणि अर्ज लिहावयास घेतला.