गाडी बुडण्याआधीचे ४७ तास

सुट्ट्या लागल्या की रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून एक बातमी येते: पर्यटकांची गाडी पुळणीत रुतली, भरती आली, गाडी पाण्यात गेली. बातमी चार ओळींची असते आणि सगळा दोष शेवटच्या दहा मिनिटांवर टाकून मोकळी होते. त्या गाडीचं काय होणार हे मात्र बऱ्याचदा दोन दिवस आधी, समुद्रापासून दीडशे किलोमीटर लांब, बॅगा भरताना ठरून गेलेलं असतं.

पुढचं कुटुंब काल्पनिक आहे: पुण्यातले आई-बाबा, आजी आणि दोन मुलं. ठिकाण दिवेआगर, मुहूर्त होळी-धुळवडीच्या जोडसुट्टीचा. समुद्राचं वेळापत्रक मात्र खरं आहे.

शुक्रवार, रात्री ९:२० (४७ तास बाकी)

भाड्याच्या बंगल्याचे पैसे भरून होतात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात झोपाळा, समुद्र पाच मिनिटांवर. मालकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगा. रोख पैसे जवळ ठेवा. वीज जाते, विजेरी आणा. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळत नाही. गाडी अंगणात लावा. त्यापुढे एक ओळ असते: पौर्णिमेचं उधाण आहे, गाडी पुळणीवर उतरवू नका. ही ओळ ‘आणखी वाचा’च्या पलीकडे दडलेली असते. बाबा निरोपाला अंगठा दाखवतात आणि फोन चार्जिंगला लावतात.

शनिवार, सकाळी १० (३४ तास बाकी)

माळ्यावरून बॅगा खाली येतात. आई वहीत यादी करते. कपडे, औषधं, खाणं आणि मुलांचं असे चार रकाने पडतात. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय त्या समुद्राला रकाना मिळत नाही.

खाण्याचा रकाना पहिल्या तासातच पानाबाहेर जातो. तांदूळ, मेतकूट, भाजणी, दोन प्रकारच्या चकल्या, कोकम सरबताच्या बाटल्या, खोबरेल तेल आणि देवीच्या ओटीसाठी दोन नारळ. दिवेआगर हे नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव, शेजारच्या श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या हे खरं, पण म्हणून तिथे नारळ मिळेनासा झालेला नाही. तरी नारळ बॅगेत जातात. जिथे जे पिकतं ते तिथे घेऊन जाणं ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे.

शनिवार, दुपारी ४ (२८ तास बाकी)

खरेदी. ५० एसपीएफचं सनस्क्रीन, चार टोप्या, वाळूत खेळायच्या बादल्या, दोन घडीच्या खुर्च्या, एक बर्फाची पेटी. शिवाय धाकटीच्या हट्टाखातर माणूसभर उंचीचा गुलाबी रबरी फ्लेमिंगो. दुकानदार विचारतो, “पंप देऊ का?” बाबा म्हणतात, “घरी आहे.” घरचा पंप सायकलचा आहे. त्याचं तोंड फ्लेमिंगोला बसत नाही, हे उद्या कळणार आहे.

शनिवार, रात्री ८:३० (२४ तास बाकी)

आजी पुरण वाटतेय. “उद्या पौर्णिमा. कुठेही असलो तरी होळीला नैवेद्य दाखवायचाच.” घरातल्या प्रत्येकाला उद्या पौर्णिमा आहे हे ठाऊक आहे. पोळीमुळे ठाऊक आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाला पौर्णिमा म्हटलं की आधी पाणी आठवतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, सूर्य-चंद्र दोघांची ओढ एकत्र लागते. म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त लांब जाते. हे उधाण. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात पडते आणि पाणी मवाळ होतं, त्याला भांग म्हणतात. वेळ काढायचा हिशेबही सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तरी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, ओहोटी सकाळ-संध्याकाळ साडेपाच-सहाला. तिथी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेली आहे. गुणाकार कोणी करत नाही.

शनिवार, रात्री ११ (२१ तास बाकी)

या घटनाक्रमातला सगळ्यात महागडा निर्णय आता होतो. डिकी भरली, तरी सरबताच्या बाटल्या आणि खुर्च्या बाहेरच आहेत. बाबा डिकीचा तळ उचलतात. स्टेपनीच्या खळग्यात एक काळी पिशवी असते: जॅक, पाना, गाडी ओढायची लोखंडी कडी, आणि शेजारी गुंडाळलेला दोर. “पंक्चर झालं तर वाटेत दुकानं आहेत की.” पिशवी आणि दोर चपलांच्या कपाटात जातात. त्यांच्या जागी बाटल्या अगदी मापात बसतात. बाबांना झोप चांगली लागते.

रविवार, सकाळी ७:५० (साडेबारा तास बाकी)

निघायचं ठरलं होतं पहाटे पाचला. सव्वासातला निघाले, चांदणी चौकात पोचल्यावर गॅस बंद केला का यावर एकमत होईना, म्हणून परत आले. गॅस बंद होता.

सकाळी ९:१५ (११ तास बाकी)

ताम्हिणी घाट. थोरल्याला मळमळतंय. उलटीची गोळी औषधांच्या डब्यात, डबा निळ्या बॅगेत, निळी बॅग सगळ्यात खाली. गोळी सापडेपर्यंत तिची गरज संपलेली असते.

सकाळी ११ (९ तास बाकी)

माणगाव. मुंबई-गोवा महामार्ग आणि ताम्हिणीचा रस्ता एकत्र येतात, त्यामुळे जोडसुट्टीत इथे गाड्यांची रांग लागणार हे ठरलेलं. एटीएमसमोरून गाडी गोगलगायीच्या वेगाने जाते. उतरून पैसे काढायला भरपूर वेळ आहे, पण एसी बंद करायचा कोणाला धीर नाही.

दुपारी १:१० (७ तास बाकी)

बंगला. राखण करणाऱ्या काकू किल्ली देतात. जेवणाचं विचारल्यावर म्हणतात, “काल सांगायला हवं होतंत. आज होळी, गडबड आहे घरात.” त्यामुळे नैवेद्याच्या पोळ्यांपैकी बऱ्याच दुपारीच संपतात.

मुलं फाटकापर्यंत पळत जाऊन येतात. समुद्र सुरूच्या झाडांना जवळजवळ टेकलाय, पुळण नावापुरती उरलीय. थोरला हिरमुसतो. काकू समजूत घालतात, “आता भरती आहे रे. सांजच्याला जाईल लांब. रात्री परत इथवरच येईल.” तीन वाक्यांतलं मधलं तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं.

झाडांच्या बुंध्याशी ओल्या काडीकचऱ्याची एक रेघ उमटलेली आहे. तासाभरापूर्वी पाणी तिथे होतं. मध्यरात्री पुन्हा तिथेच असणार आहे. एवढी रेघ पाहिली असती तर भरती-ओहोटीचं कोष्टकही लागलं नसतं.

दुपारी ४:१५ (४ तास बाकी)

पंप बसत नाही. बाबा फ्लेमिंगो तोंडाने फुगवायला घेतात. मान उभी राहायला पाऊण तास लागतो. पंख फुगवेपर्यंत ओहोटी जवळजवळ पूर्ण झालेली आणि बाबांना गरगरायला लागलेलं.

संध्याकाळी ५:३० (पावणेतीन तास बाकी)

आता सामान. फुगलेला फ्लेमिंगो, खुर्च्या, बर्फाची पेटी, बादल्या, टॉवेल, फराळाचे डबे, आजीसाठी उशी. पाच मिनिटांची वाट आहे, पण हे घेऊन ती चालणार कोण? बाबा गाडीची किल्ली उचलतात. सामान कमी असतं तर गाडी अंगणातच राहिली असती.

संध्याकाळी ५:५० (अडीच तास बाकी)

पुळणीच्या तोंडाशी पाटी आहे: वाहने नेण्यास मनाई. पाटीशेजारून टायरांचे ताजे माग आत गेलेत. आपल्याकडे पाटीपेक्षा मागांवर विश्वास जास्त.

मनाई फक्त गाडीच्या काळजीपोटी नसते. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. वेळासला २००२ पासून गावकरी आणि निसर्गप्रेमींनी ही घरटी जपली. एका टायरखाली एक घरटं संपू शकतं.

ओहोटीच्या पुळणीवर गाडी मस्त पळते. ओलसर वाळूच्या कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना घट्ट धरून ठेवतं, म्हणून ती सिमेंटसारखी वाटते. पाण्याच्या काठाजवळ तीच वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असते. उभ्या गाडीच्या वजनाने ती सैल होते आणि चाक हळूहळू खाली बसतं. फोटोत समुद्र जवळ यावा म्हणून बाबा गाडी काठाजवळ नेऊन उभी करतात.

संध्याकाळी ६:४५ (दीड तास बाकी)

सूर्य मावळतो. मागे सुरूच्या वर पूर्ण चंद्र उगवतो. भरतीची सूचना याहून मोठ्या अक्षरांत कोणी दिली नसेल. मुलं चंद्राचेही फोटो काढतात.

संध्याकाळी ७:०५ (सव्वा तास बाकी)

बाबा गाडी सुरू करतात. चाकं जागच्या जागी फिरतात. इथे पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा, टायरमधली हवा कमी करायची, चाकासमोरची वाळू उकरायची. याउलट जोर लावला की गाडी स्वतःसाठी खड्डा खणते. बाबा जोर लावतात.

संध्याकाळी ७:१५ (तासभर बाकी)

आणलेलं सामान आता कामाला येतं. चाकाखाली टॉवेल जातात, मग पायपुसणी, मग एक खुर्ची. खुर्ची मोडते. पहिली लाट मागच्या टायरला शिवून जाते.

पाणी एका चालीने चढत नाही. दर्यावर्दींचा ढोबळ हिशेब असा: सहा तासांच्या भरतीचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिल्या तासात समुद्र झोपल्यासारखा वाटतो तो यामुळेच. बाबांचा पहिला तास फोटोंत गेला. आता दुसरा संपत आलाय आणि पुढचे दोन सगळ्यात वेगाचे आहेत.

संध्याकाळी ७:२५ (५५ मिनिटं बाकी)

फोनला रेंज नाही. आई आजीला आणि मुलांना घेऊन वर येते, या संध्याकाळचा पहिला शहाणपणाचा निर्णय. बाबा गावाकडे धावतात. ट्रॅक्टर आहे, ट्रॅक्टरवाला होळीवर आहे. सगळं गाव होळीवर आहे.

संध्याकाळी ७:५५ (२५ मिनिटं बाकी)

ट्रॅक्टर येतो. सोबत जाड दोर आहे, गुडघाभर पाण्यात उतरायला चार पोरं आहेत. ट्रॅक्टरवाला बंपरवरचं झाकण काढतो आणि विचारतो, “साहेब, कडी कुठाय?” आजकालच्या बहुतेक मोटारींना ओढायची कडी पाना फिरवून बसवावी लागते. एरवी ती टूलकिटमध्ये असते. ती पुण्यात आहे, चपलांच्या कपाटात.

दोर खालून कुठे बांधता येतो का म्हणून पोरं पाण्यात हात घालून बघतात. खाली वाळूच आहे. गाडी पोटावर टेकलीय.

रात्री ८:२०

पाणी बॉनेटवरून जातं. पाण्याखाली दिवे थोडा वेळ चालू राहतात, हॉर्न आपोआप वाजायला लागतो आणि बंद पडतो. मागची काच आधीच उघडी होती. तिच्यातून फ्लेमिंगो बाहेर पडतो आणि दिघीच्या दिशेने निघतो. सगळ्या सामानात पाण्यासाठी तयार होऊन आलेला तो एकटाच.

त्यानंतर

बाराच्या सुमाराला समुद्र सुरूच्या बुंध्याशी पोचतो, काडीकचऱ्याच्या त्याच रेघेवर. पहाटेच्या ओहोटीला ट्रॅक्टर गाडी ओढून काढतो. खाऱ्या पाण्यात रात्र काढलेल्या गाडीच्या वायरिंगचं आणि इंजिनाचं फारसं काही वाचत नाही. साध्या मोटार विम्यात पाणी शिरल्यामुळे झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते आणि ती असली तरी मनाईच्या जागी गाडी का नेली, हा प्रश्न उभा राहतोच. अशा प्रकरणांत पोलीस गुन्हाही नोंदवतात. ट्रॅक्टरवाल्याला रोख पैसे द्यायचे असतात, आणि एटीएम माणगावात मागे राहिलेलं असतं.

या कुटुंबाचं नशीब चांगलं, माणसं सगळी सुखरूप आहेत. गाडी वाचवायला छातीभर पाण्यात उतरणाऱ्यांचं तसं होतंच असं नाही. रुतलेली गाडी सोडून देणं हा अशा वेळी सगळ्यात स्वस्त सौदा असतो.

म्हणून समुद्रकाठी राहायला जाताना यादीच्या पहिल्या ओळीत कपडे लिहू नका. भिंतीवरची तिथी बघा, तिची पाऊणपट करा आणि भरतीची वेळ लिहा. मालकांचा निरोप शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. जॅक, दोर आणि कडी डिकीतून काढू नका, बाटल्या काढा. गाडी अंगणात लावा आणि पुढे चालत जा. चालत नेता येणार नाही एवढं सामान पुळणीवर लागत नाही.