गाडीवर विनाईल बसवताना कटर कुठे चालवायचा, कुठे नाही? रॅपिंगच्या कामातली हत्यारं आणि ती सांभाळून वापरण्याची रीत

चाकण : रेडियमची दुकानं आता नुसती नंबर आणि 'आई-वडिलांचा आशीर्वाद' कापून चिकटवत नाहीत. कंपन्यांच्या स्टाफ बस, डिलिव्हरीचे टेम्पो, प्रचाराच्या गाड्या, हौसेने मॅट काळी करून घेतलेली कार, या सगळ्यांना विनाईल लागतं. चाकण, भोसरी, मोशी भागात हे काम हाताखाली राहूनच शिकलं जातं. खेड, आंबेगाव, मावळातला एखादा मुलगा दुकानात लागला की पहिल्या दिवशी हातात येतो तो पेपर कटर. वस्तू स्वस्त आहे, पण या कामात गाडीचं आणि हाताचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करते.

ब्लेड नेमकं कुठे थांबलं पाहिजे?

कारखान्यात गाडी रंगते तेव्हा पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर बसतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर चकाकीचा क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस बहुधा याहून जाड असतो. त्यावर बसणारं विनाईल गोंदासकट 80 ते 100 मायक्रॉन. म्हणजे ब्लेडने विनाईल पूर्ण कापायचं आणि त्याच्या खाली केसभरही जायचं नाही.

रेघ उमटली तरी त्या दिवशी दिसत नाही, विनाईलखाली झाकून जाते. दोन-तीन वर्षांनी मालक विनाईल काढतो तेव्हा बोनेटवर सरळ ओळ सापडते. ती पत्र्यापर्यंत गेली असेल तर आपल्याकडचा पावसाळा तिच्यात गंज धरवतोच. मग पॅनेल पुन्हा रंगवायचं बिल कोणी द्यायचं यावरून वाद, आणि बोलणी खातो तो हाताखालचा मुलगा.

ब्लेडशिवाय कापणारी टेप

म्हणून गाडीच्या अंगावर जितकं कमी कापाल तितकं बरं. यासाठी नाइफलेस टेप मिळते. दिसायला बारीक पट्टीची टेप, पण तिच्यात पातळ आणि चिवट दोरा असतो. जिथे विनाईल संपवायचं आहे त्या रेषेवर आधी ही टेप लावायची. दोन्ही टोकांना बोटभर टेप बाहेर ठेवायची. तिच्यावरून विनाईल बसवून स्क्विजीने नीट दाबायचं. मग एका टोकाचा दोरा सोडवून मागच्या दिशेला, पत्र्यालगत ठेवून एकसारखा ओढत न्यायचा. दोरा खालून वर येतो आणि विनाईल चिरत जातो. जास्तीचा तुकडा उचला, खालची टेप काढा, कड पुन्हा दाबा. रंगाला पातं लागतच नाही.

दोरा वर उचलून ओढला तर कड दातेरी होते. विनाईल गरम असेल तर ते कापण्याऐवजी ताणलं जातं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बोनेट हाताला चटका देतं, अशा वेळी टेप ओढू नका. सकाळी करा, किंवा गाडी सावलीत गार होऊ द्या. शेवटची हिट गन फिरवायची ती कापून झाल्यावर. दोन दोऱ्यांची टेपही येते. दोन रंगांच्या मध्ये एकसारखी बारीक पट्टी सोडायची असेल तेव्हा ती कामाला येते. टेपचं रीळ महाग वाटतं हे खरं, पण एका पॅनेलच्या रंगकामाशी तुलना करून बघा.

पेपर कटर लागतोच, मग कसा वापरायचा?

बंपरची कड, दाराची फट, हेडलाइटची बाजू इथे कटर टाळता येत नाही. 9 मिलिमीटरचा, तुकडे मोडता येणारा कटर घ्या. या मोडत्या ब्लेडची गोष्ट गमतीची आहे. जपानमधल्या ओसाकात योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये ते बनवलं. चांभार काचेचा तुकडा बोथट झाला की तो फोडून नवी धार काढत, आणि चॉकलेटची वडी खाचेवर मोडते, या दोन गोष्टींवरून त्यांना कल्पना सुचली. ओल्फा ही कंपनी त्यातूनच उभी राहिली.

खाच मोडण्यासाठी दिलेली असते आणि आपल्याकडे तीच कोणी वापरत नाही. एकाच टोकाने अख्खी बस उरकायची सवय असते. बोथट ब्लेडला जोर लागतो, जोर लावला की हात घसरतो, नाहीतर पातं खोल जातं. दर पॅनेलला, किंवा विनाईल ओढल्यासारखं वाटू लागलं की लगेच, टोक मोडा. मोडताना पक्कड किंवा कटरच्या मागची खाच वापरा, तोंड बाजूला ठेवा, चष्मा लावा. बाहेर एकच तुकडा काढायचा. लांब काढलेलं ब्लेड वाकतं आणि तुटून उडतं. 30 अंशाचं काळं ब्लेड फार तिखट असतं, ते टेबलावरच्या बारीक कामाला ठेवा. गाडीवर अनेक कारागीर स्टेनलेसचं ब्लेड पसंत करतात, कारण ते थोडं मऊ असतं.

फटीत कापताना पातं फटीच्या आतल्या बाजूला झुकवा, दर्शनी पत्र्यावर टेकवू नका. हँडल, लोगो, आरसा निघत असेल तर काढूनच घ्या. त्याच्याभोवती कोरत बसण्यात वेळही जातो आणि रंगही. विनाईल ताणून धरणारा डावा हात नेहमी ब्लेडच्या मागे हवा, पुढे नको. बोटं कापतात ती बहुतेक इथेच.

लोंबणारं जास्तीचं विनाईल आणि मागचा कागद कापायला सेफ्टी कटर मिळतो. त्याचं पातं प्लास्टिकच्या दोन ओठांमध्ये लपलेलं असतं. विनाईल आत सरकतं, बोट शिरत नाही. नव्या मुलाच्या हातात आधी हाच द्यावा असं आमचं मत आहे. आणि विनाईल चिकटू नये म्हणून घालतात तो पातळ सुती हातमोजा ब्लेड अडवत नाही. डाव्या हातासाठी कट-रेझिस्टंट मोजा वेगळा मिळतो.

सराव कुठे करायचा?

गिऱ्हाइकाच्या गाडीवर तर नक्कीच नाही. विनाईलचा टाकाऊ तुकडा टेबलावर ठेवा आणि वरचं विनाईल कापा, पण मागचा कागद शाबूत राहिला पाहिजे. कागद उलटून बघा, मागे रेघ उमटली असेल तर जोर जास्त होतोय. शंभर रेघा अशा जमल्या की भंगारातलं बोनेट आणा. कुदळवाडीतली भंगाराची गोदामं फेब्रुवारी 2025 च्या कारवाईत पाडली गेली, तरी जुनं बोनेट मिळणं अवघड नाही. त्यावर विनाईल लावा, कापा, काढा आणि उजेडात तिरकं बघा. जे दिसेल तेच गिऱ्हाइकाला पुढे दिसणार आहे.

हात कापलाच तर

स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरा, दहा मिनिटं सोडून बघू नका. हळद, तंबाखू, थिनर काही लावू नका. रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल किंवा टोक बधिर झालं असेल तर आतली नस किंवा स्नायूची दोरी कापलेली असू शकते. त्याच दिवशी चाकणचं ग्रामीण रुग्णालय किंवा पिंपरीचं वायसीएम गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं हे डॉक्टरांना सांगा.

मोडलेले तुकडे झाकणाच्या डब्यात टाका. गोळ्यांची रिकामी बाटलीही चालते. खाली पडलेला तुकडा दुसऱ्याच गाडीच्या टायरमध्ये किंवा चपलेतून पायात जातो. डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरात 'आत ब्लेड आहेत' असं लिहा आणि घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या.