बार्क (इंग्रजी शब्द)
बार्क हा इंग्रजीतील अनेकार्थी शब्द आहे. झाडाची साल, कुत्र्याचे भुंकणे आणि शिडाच्या जहाजाचा एक प्रकार हे त्याचे प्रमुख अर्थ होत. तिन्हींची व्युत्पत्ती वेगवेगळी असून उच्चार तेवढा समान आहे. म्हणून भाषांतरात संदर्भ पाहणे आवश्यक ठरते.

‘साल’ हा अर्थ प्राचीन नॉर्स भाषेतून आला. पानांत तयार झालेले अन्न खाली वाहून नेणाऱ्या ऊती सालीच्या आतील थरात असतात. खोडाभोवतीची साल पूर्ण वलयाकार सोलल्यास मुळांची उपासमार होते व झाड हळूहळू वाळते. दालचिनी ही सालच आहे, तसेच भूर्जपत्रही. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये क्विनीन हे हिवतापावरील औषध वेगळे करण्यात आले.

‘भुंकणे’ हे क्रियापद मूळ इंग्रजीच. सह्याद्रीतील भेकराचे एक इंग्रजी नाव त्याच्या कुत्र्यासारख्या ओरडण्यावरून पडले आहे. चुकीच्या झाडाकडे पाहून भुंकणे या इंग्रजी वाक्प्रचारात झाड असले तरी सालीचा संबंध नाही; त्याचा अर्थ भलत्याच दिशेने शोध घेणे असा होतो.

जहाजाचे नाव लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. अशा जहाजाला तीन किंवा अधिक डोलकाठ्या असतात व सर्वांत मागची वगळता बाकीच्यांवर चौकोनी आडवी शिडे असतात.

मराठी वृत्तपत्रांतील ‘बार्क’ बहुधा यांपैकी कोणताच नसतो. ते मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्राला १९६७ मध्ये होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्थाही याच लघुनामाने ओळखली जाते.