स्वस्त वस्तूंचा लिलाव आणि माणसांची साखळी : एका जुन्या फसवणुकीचा इतिहास

१/१५
२०११ च्या जनगणनेनुसार मुळशी तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७१ हजार. समजा, पौडमधल्या एका माणसाने एखाद्या योजनेत सहा जणांना आणले आणि त्या प्रत्येकाने आणखी सहा जण आणले. सहाव्या पायरीवर ४६,६५६ नवे सभासद लागतील आणि सातव्या पायरीवर २,७९,९३६. म्हणजे सातव्या पायरीला ताम्हिणीपासून हिंजवडीपर्यंतचा सारा तालुका, पाळण्यातल्या बाळांसकट, अपुरा पडतो.

२/१५
नवव्या पायरीला १ कोटीहून अधिक माणसे हवीत. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या त्या जनगणनेत ९४ लाखांच्या आसपास होती. बाराव्या पायरीला २१७ कोटी माणसे लागतात आणि तिथे सारा देश संपतो. साखळी योजनांचा इतिहास म्हणजे हा हिशेब लोकांच्या नजरेआड ठेवण्याच्या नवनव्या युक्त्यांचा इतिहास आहे.

३/१५
लिलाव आणि सामूहिक पैसा यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. लिलावाच्या भिशीत दरमहा गोळा झालेल्या रकमेवर बोली लागते. ज्याला निकड असेल तो कमी रकमेवर भिशी उचलतो आणि उरलेला फायदा इतरांत वाटला जातो. येथे सभासद ठरलेले असतात, मुदत ठरलेली असते आणि पैसा त्याच वर्तुळात फिरतो. भिशी बुडू शकते, पण ती चालू राहण्यासाठी रोज नवा माणूस लागत नाही. हाच भेद पुढे कायद्यानेही मानला. चिट फंडांवर बंदी न घालता १९८२ च्या कायद्याने त्यांचे नियमन केले.

४/१५
भिशीच्या ओळखीचा आधार घेत दुसरा एक प्रकार फोफावला, तो बक्षीस योजनांचा. दरमहा हप्ता भरायचा, दरमहा सोडत निघायची आणि भाग्यवंताला रोख रक्कम किंवा एखादी वस्तू मिळायची. उरलेल्यांना मुदतीअखेर मुद्दल परत मिळे, तेही अनेकदा बिनव्याजी. मधेच हप्ते थांबवणाऱ्याचे नुकसान ठरलेलेच. हजारोंचा पैसा महिनोन्महिने वापरायला मिळाल्याने खरा लाभ चालकाचा होई.

५/१५
रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. बक्षीस योजनांचा लाभ प्रामुख्याने चालकांनाच होतो आणि त्यांतून कोणताही सामाजिक हेतू साधत नाही, असा निष्कर्ष काढून या गटाने बंदीची शिफारस केली. त्यातूनच १९७८ चा ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) ॲक्ट’ आला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

६/१५
या कायद्याचे मर्म त्यातल्या एका व्याख्येत आहे. झटपट किंवा सहज पैसा मिळेल असे आश्वासन आणि त्या पैशाचा सभासद-नोंदणीशी जोडलेला संबंध, अशी ती व्याख्या आहे. योजनेत कोणती वस्तू विकली जाते, हा प्रश्न तेथे गौण ठरतो. पैसा मिळण्यासाठी नवा सभासद यावा लागतो का, हा प्रश्न मुख्य. आज मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या योजनेलाही ही कसोटी तशीच लागू पडते.

७/१५
कायदा आला, पण योजना थांबल्या नाहीत. त्यांनी वस्तू पुढे केली. नुसता पैसा फिरवला तर गुन्हा उघड दिसतो, म्हणून मधे काहीतरी ‘विकले’ जाऊ लागले. कधी सोन्याचे नाणे, कधी आरोग्याची चकती, कधी संगणकाचा अभ्यासक्रम. ही वस्तू साखळीबाहेरच्या माणसाने त्या किमतीला विकत घेतली असती का, हा साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला.

८/१५
२०१० नंतर महाजालावर ‘स्पीक एशिया’ची योजना गाजली. ११,००० रुपये भरून एका ई-नियतकालिकाचे वर्गणीदार व्हायचे. मग आठवड्याला दोन सर्वेक्षणे आणि प्रत्येकाचे ५०० रुपये, म्हणजे वर्षाला ५२,००० रुपये. नवा सभासद आणला तर वेगळा मोबदला. एका सभासदाला कबूल केलेले पैसे द्यायला जवळजवळ पाच नव्या सभासदांची वर्गणी लागणार, हे कागदावर दोन ओळींत मांडता आले असते. ज्या नामांकित कंपन्या ग्राहक म्हणून सांगितल्या जात, त्यांच्यापैकी काहींनी संबंध नाकारला. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने कारवाई केली.

९/१५
त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत ‘पेनी ऑक्शन’ लोकप्रिय झाले होते. आयपॅड, कॅमेरा किंवा टीव्ही नाममात्र किमतीपासून लिलावात ठेवायचा, पण प्रत्येक बोलीसाठी पैसे आकारायचे. समजा, बोली १० रुपयांची आहे आणि तिच्यामागे वस्तूची किंमत १ रुपयाने वाढते. फोन १,००० रुपयांना ‘गेला’, तर १,००० बोल्यांचे १०,००० रुपये विक्रेत्याच्या गल्ल्यात आधीच पडलेले असतात. ते भरणाऱ्यांपैकी एकाला फोन मिळतो, बाकीच्यांचे हात रिकामे. हा प्रकार जुगाराच्या जवळ जाणारा असला, तरी केवळ तेवढ्याने ती साखळी योजना ठरत नाही.

१०/१५
साखळी जोडली ती ‘झीक रिवॉर्ड्स’ने. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या लेक्सिंग्टन गावी ‘झीकलर’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ होते. जानेवारी २०११ पासून त्याच्या नफ्यात रोजचा वाटा देण्याचे आमिष दाखवून सभासद घेतले जाऊ लागले. सभासदाने बोल्या विकत घ्यायच्या, त्या इतरांना फुकट वाटायच्या आणि रोज एक जाहिरात कुठेतरी टाकायची. आपण काम करतो आहोत, अशी भावना त्यातून निर्माण होई. गुंतवणुकीला व्यवसायाचे रूप देण्याची ही युक्ती होती.

११/१५
ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने ते बंद पाडले. आयोगाच्या म्हणण्यानुसार सुमारे ६० कोटी डॉलर गोळा झाले होते आणि उत्पन्नापैकी जवळजवळ ९८ टक्के पैसा नव्या गुंतवणूकदारांचाच होता. लिलाव हा केवळ देखावा. संस्थापक पॉल बर्क्स यांना २०१७ मध्ये १४ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाने तर १,००० डॉलरहून अधिक नफा मिळवलेल्या हजारो सभासदांवरही वसुलीचे दावे लावले. ‘मला तर पैसे मिळाले’ या वाक्याचा अर्थ त्यांना तेव्हा उमगला असेल. ते पैसे दुसऱ्याचे होते.

१२/१५
पुण्यालाही अशा योजनेची झळ बसली. ‘गेनबिटकॉइन’ने बिटकॉइन तयार करणाऱ्या यंत्रांच्या नावाने दरमहा १० टक्के परतावा १८ महिने देण्याचे आश्वासन दिले. सभासद जोडणाऱ्यांना वेगळा लाभ होता. पुढे परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाच्या टोकनात येऊ लागला. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये, खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच, त्याचा मृत्यू झाला. गुंतवणूकदारांचा पैसा मात्र अडकूनच राहिला.

१३/१५
कायदा सावकाश पुढे सरकला. महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी १९९९ चा ‘एमपीआयडी’ कायदा केला. त्यामुळे बुडव्या आस्थापनांची मालमत्ता जप्त करता येते. २००८ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ चा कायदा लागू होतो असे ठरवताना या योजनांच्या अटळ गणिताकडे लक्ष वेधले. २०२१ च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांना मनाई केली आणि सभासदत्वासाठी प्रवेशशुल्क घेण्यासही मज्जाव केला.

१४/१५
या इतिहासातून ओळखीच्या खुणा हाती येतात. स्वस्त फोनच्या लिलावात भाग घेण्याआधी पैसे मागितले जातात का? वस्तूपेक्षा ‘खाली’ आणलेल्या माणसांची चर्चा अधिक होते का? परतावा रोज किंवा दरमहा ठरावीक दराने मिळणार असे सांगतात का? कमाई पडद्यावर दिसते, पण काढू गेल्यास पुन्हा गुंतवण्याचा आग्रह होतो का? वस्तू जिंकलेला आणि साखळीशी संबंध नसलेला एक तरी ग्राहक दाखवता येतो का? शंका आल्यास अधिक पैसे भरण्याऐवजी १९३० या सायबर मदतवाहिनीवर तक्रार करणे श्रेयस्कर.

१५/१५
अशा योजना अनोळखी माणसाकडून क्वचितच येतात. मेहुणा, वर्गमित्र, कार्यालयातील सहकारी, गावातले मास्तर यांच्या तोंडून त्या येतात आणि बहुतेकदा तेही मनापासून बोलत असतात. म्हणून साखळी तुटली की पैशाबरोबर नातीही तुटतात. चालक दूर असतो, दाराशी येऊन उभा राहतो तो शेजारी. सातव्या पायरीवर मुळशी संपते, हे पहिल्या पायरीवर असतानाच मोजता येते.