पाताळगंगेचे उन्हाळी पाणी

सह्याद्रीला हिमनदी नाही. तरीही खोपोलीकडून येणारी पाताळगंगा ऐन वैशाखात वाहती असते, याचे नवी मुंबईत नव्याने स्थायिक झालेल्या कुटुंबांना नवल वाटते. कोकणातल्या तिच्या कित्येक भगिनींच्या पात्रांत तोवर दगडगोटेच उरलेले असतात.

या नवलाचे मूळ 1915 सालात आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळावी म्हणून टाटांनी लोणावळा, वळवण व शिरवटा येथे पावसाचे पाणी अडविले आणि मोठ्या नळांतून ते सुमारे 500 मीटर खाली खोपोलीच्या विद्युतगृहावर आणले. चक्रे फिरवून मोकळे झालेले हे पाणी पाताळगंगेत पडते. पुढे भोकरपाड्यास शुद्ध होऊन ते पनवेल परिसरातील नळांना येते.

हिमालयात हेच कोठार हिमनद्यांनी सांभाळले आहे. हिवाळ्यातला बर्फ त्या उन्हाळ्यात थोडाथोडा सोडतात, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी सिंधूसारख्या नदीला त्यांचाच आधार असतो. हिमनदी आक्रसू लागली की प्रथम नदीचे पाणी वाढते. हीच फसगत! लोकांना सुबत्ता वाटते, पण खर्च होत असते ती मुद्दल. पुढे प्रवाह घटतो, तो नेमका कोरड्या दिवसांत. तापमानवाढ 1.5 अंशांवर रोखली, तरी या शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातील एक तृतीयांश हिमनद्या नष्ट होतील, असे काठमांडूच्या 'इसिमोड' संस्थेच्या 2019 च्या अहवालात नमूद आहे.

आमच्या घाटमाथ्यावर तर मुद्दल मुळातच नाही. तेथील तलाव काय किंवा महापालिकेचे धावरी नदीवरील मोरबे धरण काय, शतकांचा साठा कोठेच नाही. दर पावसाळ्याने ते नव्याने भरावे लागतात.

शिवाय लोणावळ्याचे पाणी मूळचे इंद्रायणीचे. बांध नसते तर ते देहू-आळंदीवरून भीमेला मिळून पंढरपूरकडे गेले असते. मुळशीच्या धरणाने मुळेचे पाणीही असेच कोकणात वळविले. तेथील शेतकऱ्यांनी 1921 साली सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्याच. दुष्काळ पडला की भीमेच्या खोऱ्यातून हे पाणी परत मागितले जाते. ती मागणी आम्हांस अवाजवी वाटत नाही.