देठ तोडण्याची वेळ : सर हॅरॉल्ड गिलीज यांची शल्यसाधना



मी शल्यविद्येचा नव्हे, इतिहासाचा अभ्यासक आहे. तरीही या स्मृतिव्याख्यानासाठी मी एका लष्करी शल्यविशारदाचे चरित्र निवडले, कारण त्याच्या विद्येचा एक धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठ्याचे नाक व एक हात टिपूच्या कैदेत कापले गेले. पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक दिले. हा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये ही रीत इंग्लंडात अमलात आणली. तिचे मर्म असे की, कातडी नव्या जागी रुजेपर्यंत तिचा जुना देठ तोडावयाचा नाही. रक्त त्यातूनच पोहोचते.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १८८२ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे झाला. कान-नाक-घशाचे हे शल्यविशारद १९१५ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकदलात दाखल झाले. खंदकांच्या त्या युद्धात असंख्य सैनिकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले. प्रथम ऑल्डरशॉट व १९१७ पासून सिडकप येथे गिलीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५,००० हून अधिक सैनिकांवर ११,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

ऑक्टोबर १९१७ मध्ये विकरेज या भाजलेल्या खलाशावर शस्त्रक्रिया करताना, कातडीच्या पट्ट्याच्या कडा आत वळत असल्याचे गिलीज यांच्या ध्यानी आले. त्या शिवून त्यांनी देठाची नळी केली. रक्तपुरवठा टिकला, जंतुसंसर्गाचे भय घटले. प्रतिजैविके नसलेल्या काळात ही प्राप्ती थोर होय.

परंतु हेन्री राल्फ लम्ली या होरपळलेल्या वैमानिकाच्या मुखावर त्यांनी छातीवरील फार मोठा पट्टा एकाच वेळी बसविला. तो कुजला आणि मार्च १९१८ मध्ये तो तरुण दगावला. गिलीज यांनी तेथून बोध घेतला : मोठे काम लहान टप्प्यांत वाटावे; उद्यावर टाकता येईल ते आज करू नये.

१९३० मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९६० मध्ये ते निवर्तले. शाळेत आपण त्वरेचे कौतुक करतो. थांबण्याचे मोल मात्र गिलीज यांना एका मृत्यूने शिकविले. पुण्याचा तो अनाम कारागीर देठ तोडण्याची वेळ ओळखून होता. दोघांचेही आपल्यावर ऋण आहे.